पदीचे वाकण

नांदरखारच्या बांधावर बाईने पाय ठेवायचा नाही, आणि का ते विचारायचे नाही. आमच्या गावात मुलगी चालायला लागली की तिला आधी हे शिकवत. स्वतःचे नाव सांगायला ती नंतर शिके.

तुम्ही पाहुणे म्हणून येता तेव्हा तुम्हाला नियम दिसत नाही, बांध दिसतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आमची भातशेती, आणि मधे चिखलमातीचा हा लांबलचक बांध. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी तो घातला. भरतीला त्यावर उभे राहिलात तर खाडीचे पाणी शेतातल्या रोपांपेक्षा उंच दिसते. हा बांध दोरी धरून आखल्यासारखा सरळ येतो आणि तिवरांच्या दाट झाडीपाशी एकदम शेताकडे वळतो. तिथे खाडीच्या बाजूला एक गोल डोह आहे. पाणी काळे, ओहोटीलाही न आटणारे. त्या डोहाला वळसा घालून बांध पुन्हा सरळ होतो. या वळणाला पदीचे वाकण म्हणतात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की बांध इथेच का वाकला.

उत्तर देण्याचा मान हसुराम आजाचा. तो बांध कमिटीचा जुना अध्यक्ष. आवाज भरदार, सांगण्याची पद्धत अशी की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. आजा सांगायचा, फार पूर्वी पदी नावाची एक बाई होती. नारळी पौर्णिमेच्या दिवशी, समुद्राला नारळ द्यायच्या आधी, ती बांधावर चढली. त्या दिवशी बाईचा पाय बांधाला लागला म्हणून दर्या कोपला आणि बांध फुटून त्याला खांड पडली. पदीला आपली चूक कळली. तिने त्या खांडीत स्वतःला झोकून दिले, दर्या शांत झाला. तिची जागा राखून बांध वळवला. तेव्हापासून बाई बांधावर चढत नाही.

पाहुणे हळहळायचे. कोणीतरी पाण्यात फूल सोडायचे. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले आणि प्रत्येक वेळी मला वाटायचे की मेलेल्या बाईकडून कबुलीजबाब घेणे किती सोपे असते.

आता दुसरी गोष्ट. ही बांधावर सांगत नाहीत. ही बायका चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, निवडताना, नांगी धरून दोरीने बांधता बांधता सांगतात. मला शेजारच्या गुणाबायने सांगितली, तिला तिच्या आजीने. तीही ऐकीवच आहे, माझ्याकडे कुठलाही पुरावा नाही. पण दोन्ही ऐका.

त्या काळी म्हणे बांधावर सगळेच चालत. पुरुष चिखल कापत, बाया टोपल्या वाहत. बांधाचा राखणदार होता जोमा, आणि पदी त्याची बायको. पदी तिवरांत चिंबोऱ्या पकडायची. चिंबोरी बांधात बीळ करते, आणि ते बीळ आरपार गेले की भरतीचे पाणी त्यातून वाट काढते. आधी करंगळीएवढे, मग मनगटाएवढे, आणि मग बांधच जातो. त्या श्रावणात पदीला एका जागी शेताच्या बाजूला गढूळ पाणी झिरपताना दिसले. निवळ पाणी झिरपले तर भीती नसते. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती पोटातून वाहून चालली आहे. तिने जोमाला सांगितले. जोमाने गावच्या पाटलाला सांगितले. पाटील म्हणाला, सण होऊन जाऊ दे.

सणाचा दिवस उजाडला. पौर्णिमेची मोठी भरती भर दुपारी असते. सगळे पुरुष वाजतगाजत खाडीच्या धक्क्यावर जमले. नियम असा, की गावचा नारळ पाण्यात पडेपर्यंत कोणी खाडीकडे पाठ फिरवायची नाही. पाठ फिरवली तर दर्याचा अपमान. हा नियम का, हेही कोणी विचारलेले नव्हते. आणि त्या वर्षी गावचा नारळ जोमाच्या हातात होता. राखणदाराच्या घराला हा मान कधीच मिळाला नव्हता. जोमाचा बाप त्याची वाट बघत मेला होता. त्यात दोन आळ्यांचे भांडण लागले की नारळाच्या पुढे कोणाचा ताशा चालायचा. सगळे तावातावाने बोलत होते, पाणी चढत होते, आणि बांधावरून हाक आली.

‘धावा रे, बांध चालला!’

हाक धक्क्यावर स्पष्ट ऐकू आली, असे सांगतात. भांडणारे गप्प झाले. कोणीतरी म्हणाले, पदी हाका मारतेय. पाटील म्हणाला, आधी नारळ. जोमाच्या हातात नारळ होता आणि तोंड खाडीकडे होते. त्याने मान वळवली नाही. हाक पुन्हा आली, आणि पुन्हा. ताशेवाल्यांना पाटलाने डोळ्याने खूण केली, ताशा वाजू लागला. मग हाका ऐकू येत होत्या की नव्हत्या, ते कोणालाच ठरवावे लागले नाही.

नारळ पडला. लोक वळले तेव्हा शेतांत पाणी चकाकत होते.

ओहोटी लागल्यावर सगळे खांडीपाशी गेले. ओल्या चिखलात पावले उमटली होती, एकाच माणसाची, बाईची. डाव्या पायाचा अंगठा बाहेर झुकलेला. जोमाने ती पावले ओळखली. ती खांडीच्या काठापर्यंत जात होती आणि परत येत नव्हती. तिची टोपली तिवरांत अडकलेली मिळाली. पदी मिळाली नाही. पाण्याने बांध फोडताना खाली जो खड्डा कोरला, तोच हा डोह.

आता गावापुढे दोन गोष्टी होत्या. एक ही की ती बांध वाचवायला गेली, हाका मारत राहिली, आणि आपण नारळ धरून उभे राहिलो. ही गोष्ट घेऊन घरी जाणे, बायकोच्या हातचे जेवणे, त्याच बांधावरून रोज चालणे कोणालाच जमले नसते. पाटलाने चिखलातल्या पावलांकडे बोट दाखवले आणि दुसरी गोष्ट सांगितली. नारळ द्यायच्या आधी बाईचा पाय लागला, म्हणून दर्या कोपला. म्हणजे पावले आधी, खांड नंतर. डोळ्यांसमोर होते ते सगळे खरे होते, फक्त त्यातून काढलेला अर्थ खोटा होता. लोकांनी जोमाकडे पाहिले. नवऱ्याने नाही म्हटले असते तर कदाचित गोष्ट तिथेच मोडली असती. जोमाने मान खाली घातली. लोकांनी तो होकार समजला, किंवा समजायचे ठरवले.

त्या वर्षी नांदरखारला भात झाले नाही. खाऱ्या जमिनीत पुढचे पीकही करपले. बांध घालायचा प्रयत्न झाला, पण डोहात टाकलेली माती जणू कोणी खालून ओढून घेत होते. आणि मग, असे सांगतात, दर मोठ्या भरतीला त्या डोहातून हाक येऊ लागली. तीच हाक, तेच शब्द. पण नवल असे, की ती सगळ्यांना ऐकू येत नसे. बायकांना नाही, मुलांना नाही, परगावच्या माणसांना नाही. सणाच्या दिवशी जे धक्क्यावर होते, फक्त त्यांना. भरती चढली की गावातले धडधाकट पुरुष काम करता करता थबकत, एकमेकांकडे बघत आणि पुन्हा खाली मान घालत. घरच्या बाया विचारत, काय झाले. काही नाही, असे उत्तर येई. गुणाबाय म्हणते, त्या थबकण्यावरूनच बायांना कळले. कोणी सांगितले नाही तरी कळले. तिची आजी सांगायची की बायांनी ते कळल्याचे दाखवलेही नाही. त्या फक्त भरतीच्या वेळी कामे थांबवून आपापल्या नवऱ्यांकडे बघत बसू लागल्या.

ते बघणे जोमाला सोसले नाही. त्याच्या घरात बघणारे कोणी उरले नव्हते, तरी सोसले नाही. एका दुपारी भरती चढत असताना तो शेतात बायांच्या पुढे आला, चिखलात गुडघे टेकले आणि म्हणाला, ‘उशीर झाला, बाय. मी ऐकली होती.’

असे म्हणतात की तो कोणाशी बोलत होता ते कोणालाच नीट कळले नाही. समोरच्या बायांशी की पदीशी. पण त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. पाटील सगळ्यांच्या शेवटी आला. मग त्यांनी शपथ घेतली. पदीची जागा बुजवायची नाही, बांध तिला वळसा घालून न्यायचा. या बांधाला माती आम्ही पुरुषच घालू, बायांच्या डोक्यावर टोपली देणार नाही. बाईने खालून नुसती हाक मारावी, असू तिथून धावत येऊ. वळवलेल्या बांधाची माती टिकली. डोहातली हाक थांबली.

मग जोमा मेला. धक्क्यावरचे सगळे एकेक करून मेले. हाक ऐकलेला कोणी उरला नाही, तसे त्यांना कशाची लाज वाटत होती तेही कोणाला आठवेनासे झाले. बाई बांधावर चढत नाही एवढे उरले. कारणाची जागा रिकामी पडली होती, तिथे पाटलाची जुनी गोष्ट आयती बसली. पुरुषांचे प्रायश्चित्त बायकांवरची बंदी झाले.

हे मी कॉलेजात शिकले नाही, पण कॉलेजात जाऊन मला ते बघता आले. बंदी म्हणजे काय, तर बांध कमिटीत आजवर एक बाई नाही, कारण ज्यांनी बांध पाहिला नाही त्या बोलणार काय. रेवूबाय विधवा झाली तेव्हा तिच्या नवऱ्याचे मासळीचे तळे बांधापलीकडे होते. तिला तिथे जाता येईना, म्हणून ते दिराला अर्ध्या वाट्याने द्यावे लागले. वाट्याला किती मासळी आली हे ती कधी बघू शकली नाही, दीर सांगेल तेवढी. रेवूबायला मी एकदा म्हटले, हे चूक आहे. ती म्हणाली, ‘पदीबायची जागा हाय गो, चूक कशी आसंल?’

आणि सणाला काय होते, ते तर तुम्ही पाहता. बांधाखाली शेतात एक मुलगी उभी करतात. धक्क्यावर आधी नारळ पडतो. मग ती मुलगी हाक मारते, धावा रे, बांध चालला. पुरुष झेंडूच्या माळा लावलेल्या टोपल्या घेऊन धावत येतात, निशाण लावलेल्या जागी माती टाकतात, खाली उतरून मुलीपुढे गुडघे टेकतात आणि एका सुरात म्हणतात, उशीर झाला, बाय. पाहुणे टाळ्या वाजवतात. ‘मी ऐकली होती’ हे पुढचे शब्द आता कोणी म्हणत नाही. आजाला मी विचारले होते, दर्याची माफी मागायची तर बाय कोणाला म्हणता? आणि उशीर कसला? आजा म्हणाला, ‘शिकलीस ना, मग गप ऱ्हायाला पन शीक.’

गेल्या वर्षी हाक मारायची पाळी माझी होती.

मी नवी साडी नेसून वाकणाखाली उभी होते. भरती चढत होती. माझ्या पायांना गार लागले म्हणून खाली बघितले, तर बांधाच्या पायथ्यातून पाणी येत होते, चहासारखे गढूळ. गुणाबायने आदल्या पंधरवड्यात कमिटीला हे सांगितले होते. कमिटीने सांगितले होते, सण होऊन जाऊ दे. मला हसू आले नाही.

नारळ अजून पडला नव्हता. धक्क्यावर या वर्षीही पुढे कोण यावरून बोलाचाली सुरू होती. गावचा नारळ माझ्या बाबांच्या हातात होता, सोनेरी कागदात गुंडाळलेला. मी हाक मारली. पोटातून मारली. धक्क्यावरून हसण्याचा आवाज आला आणि कोणीतरी ओरडले, ‘नारळ व्हायचाय गो अजून, घाई झाली काय?’ मी पुन्हा हाक मारली. बाबांनी ऐकल्याचे मला लांबूनही कळले, कारण त्यांचे खांदे ताठ झाले. पण ते वळले नाहीत.

तेव्हा मी बांधावर चढले. धाडस म्हणून नाही. खालच्या हाकेला कोणी वळत नव्हते, म्हणून.

ताशा थांबला. मग सगळे धावत आले. हाकेला कोणी आले नव्हते, बाईचा पाय बांधावर बघून सगळे आले. मला खाली खेचायला हात पुढे झाले, आणि तेवढ्यात बाबांना खाडीच्या बाजूला पाण्यात भोवरा दिसला. बीळ पाणी ओढून घेत होते. बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले. मी वरून माती दिली, ती पडली तशी आत गेली. पुन्हा दिली, तीही गेली. तिला अडकायला काहीतरी हवे होते. बाबांच्या हातात अजून तो नारळ होता, धावताना तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचलेच नव्हते. त्यांनी एकदा नारळाकडे बघितले, एकदा माझ्याकडे, आणि तो बिळाच्या तोंडात दाबून बसवला. वरून मी माती थापली. मग बाकीच्यांनी झेंडूच्या माळांसकट टोपल्या ओतल्या. बांध राहिला.

मला वाटले, संपले. आता सगळ्यांना कळेल.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट तयार होती. पदीला इतकी वर्षे नारळाचा मान हवा होता. दर्याला दिला, तिला दिला नव्हता. म्हणून तिने तो या मुलीकडून मागून घेतला. आता पदी शांत झाली. हसुराम आजाने ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच दिसले होते. चिखलातली पावले बघून जुन्या पाटलालाही तसेच दिसले असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मला तो आवडला नाही.

मग कमिटीने ठरवले की दरवर्षी एक मुलगी वाकणात नारळ पुरेल, आणि नारळ पुरला की बाया बांधावर चालल्या तरी पदीची हरकत नाही.

मी तेव्हाच बोलायला हवे होते. पण दुसऱ्याच दिवशी रेवूबाय बांधावर चढली. चपला हातात घेऊन, एकेक पाऊल चाचपत, जणू बांध गरम असावा. ती स्वतःच्या तळ्यापर्यंत गेली आणि तिथे उकिडवी बसून पाण्याकडे बघत राहिली. मी तिला बघितले आणि गप्प बसले. म्हटले, गोष्ट चुकीची असू दे, बाया चालतायत ना. वर्षभर मी गप्प बसले. पाहुण्यांना आजा माझ्याकडे बोट दाखवून सांगे, हीच ती मुलगी, आणि पाहुणे माझ्याकडे आदराने बघत. माझी मान खाली जाई. पाहुणे त्याला विनय समजत.

या श्रावणात गुणाबाय मला वाकणावर घेऊन गेली. ‘बघ,’ एवढेच म्हणाली. वाकणापाशी बांध वीतभर खचला होता. कडेने चिंबोऱ्यांची नवी बिळे होती. वर्षभरात बाकीच्या बांधावर माती पडली होती, इथे एक टोपली पडली नव्हती. इथे एक शेंदूर लावलेला दगड होता, एक लहान झेंडा होता आणि वाळलेली फुले होती. मी कमिटीकडे गेले. कमिटीतला एक काका, मनाने चांगला माणूस, मला समजुतीने म्हणाला, ‘तिथं नारळ हाय ना आतमंदी. पदी राखते.’

जोमाने मान खाली घातली तेव्हा त्याला काय माहीत होते की त्या एका मान घालण्यातून पुढच्या किती बायांचे पाय बांधले जातील. माझ्याकडे तर ती सबबही नव्हती. मला जोमाची गोष्ट माहीत होती, आणि तरी मी तेच केले होते. त्याने लाजेसाठी केले, मी चांगल्या कारणासाठी केले. बिळातून जाणाऱ्या पाण्याला त्याचे काय.

सणाचा दिवस आला. बाहेरून बरेच पाहुणे आले होते, काही कॅमेरे घेऊन. वाकणावर गालिचा अंथरला होता. बाया बांधाखाली उभ्या होत्या, नारळ पुरला की वर येण्यासाठी. हसुराम आजाने जुनी गोष्ट सांगितली, तिला नवी जोडली, आणि सोनेरी कागदातला नारळ माझ्यापुढे धरला.

‘घे पोरी. दे पदीला.’

मी हात मागे घेतले. म्हटले, मी देणार नाही.

आजाला वाटले मी लाजतेय. त्याने नारळ आणखी पुढे केला. मी सांगितले, गेल्या वर्षी हा नारळ बिळात गेला कारण तो बाबांच्या हातात होता. दगड असता तर दगड गेला असता. बांध मातीने राहिला, आणि तीही उशिरा पडली. वर्षभर इथे माती पडली नाही, कारण सगळ्यांनी माझ्या त्या नारळावर भरवसा ठेवला, आणि मी ठेवू दिला. ती चूक माझी आहे. पण मी ती पुढच्या मुलीच्या हातात देणार नाही.

पाहुण्यांत चुळबुळ झाली. आजा माझ्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात, रागाने नाही, जवळजवळ विनवणी करत म्हणाला, ‘मंग बायांना परत खाली ऱ्हावं लागंल. तुज्याच बायांना. कळतंय काय बोलतेस ते?’

कळत होते. मी खाली बघितले. रेवूबाय माझ्याकडे बघत होती आणि तिचे तोंड पांढरे पडले होते. तिचे तळे माझ्या एका शब्दावर होते. मला वाटले की घ्यावा नारळ, पुरावा, नंतर सावकाश समजावावे. सगळे चुकीचे असेच पुढे जात असावे, नंतर समजावू म्हणून.

मी नारळ घेतला नाही. मी आजाला विचारले, ‘आजा, दरवर्षी तुम्ही गुडघे टेकून म्हणता, उशीर झाला, बाय. त्याच्या पुढचे शब्द काय होते?’

आजाने पुढे धरलेला नारळ खाली घेतला.

‘पदीची हाक धक्क्यावर ऐकू आली होती, की नव्हती?’

आजाने ओठ उघडले. मला दिसले की त्याला ते शब्द माहीत होते. त्याच्याही आजीने चिंबोऱ्या निवडल्याच असतील. त्याने माझ्या बाबांकडे बघितले. बाबा खाली बघत होते. कमिटीचे बाकीचे एकेक करून खाडीकडे तोंड फिरवू लागले. गेल्या वर्षी बाबांचे खांदे जसे ताठ झाले होते तसे आता त्या सगळ्यांचे झाले होते. भरती चढत होती. ताशावाल्याने सवयीने काठी उचलली, मग कोणी खूण करत नाही हे बघून खाली ठेवली.

त्या शांततेत खालून चिखल कापल्याचा आवाज आला. रेवूबायने कुदळ घेतली होती. तिने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि वर चढली. आजाच्या शेजारून गेली, गालिच्याचा कोपरा पायाने बाजूला सारला आणि खचलेल्या जागी माती ओतली. मग टोपली रिकामी करून परत खाली उतरली, कारण आणखी माती लागणार होती. तिच्या मागे गुणाबाय होती.

आजही नांदरखारचा बांध तिवरांपाशी वाकतो आणि डोहाला वळसा घालून सरळ होतो. शेंदराचा दगड तिथेच आहे, मी तो हलवला नाही, पण त्याच्या चहूबाजूंनी आता ताजी माती असते. पाऊस उघडला की ओल्या बांधावर बायकांची पावले दिसतात. ती वाकणापर्यंत जातात, आणि परत येतात. पाहुणे आजही विचारतात, बांध इथे का वाकला. हसुराम आजा काठी टेकून उभा असतो. त्याच्या ओठांवर जुनी गोष्ट येते. तो त्या पावलांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि गप्प होतो.